असई १८०३, २८ मिमी फौज: प्रायमर, तांबडा डगला, काळी माती

कंपूवाला (धागाकर्ता)

शिंदे-भोसले विरुद्ध इंग्रज कंपनी अशी असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) छोट्या सैनिकांच्या खेळासाठी टेबलावर मांडायची आहे, २८ मिमीत, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीच्या फिगर. एक फिगर म्हणजे वीस माणसं धरून इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूचा हिशेब केलाय. हायलँडरांच्या दोन पलटणी, ७४ वी आणि ७८ वी. मद्रासच्या चार. पाचवी सामानाच्या राखणीला मागे होती, तिला सुट्टी. सहा पलटणी, प्रत्येकी २४, म्हणजे १४४ पायदळ. घोडदळाच्या चार रेजिमेंटी, प्रत्येकी १२ स्वार, म्हणजे ४८. तोफा वेगळ्या.

फिगर अर्ध्या धातूच्या, अर्ध्या कडक प्लास्टिकच्या. काम ठाण्यात, जुलै-ऑगस्टमध्ये. अडचणी तीन: या हवेत प्रायमर (रंगाआधीचा, रंग धरून ठेवणारा थर) कसा मारायचा, शंभरावर तांबडे डगले गुलाबी न दिसता कसे उठवायचे, आणि मद्रासच्या शिपायांची कातडी. बाटल्यांवरच्या 'फ्लेश' नावाच्या रंगांनी ते सगळे यॉर्कशायरचे दिसतात.

गोलंदाज_९८

शिंद्यांची बाजू मोजलीच नाहीत की! पोहलमन, सालूर आणि द्युपाँ या युरोपी सरदारांचे तीन कंपू (ब्रिगेड) मिळून दहा हजारांवर कवायती पायदळ होतं. विसास एक या हिशेबाने ते पाचशेच्या पुढे जातं. २८ मिमीत तो दोन वर्षांचा उद्योग झाला. दोनच रस्ते आहेत. प्रमाण पन्नासास एक करा, म्हणजे दोनशे-सव्वादोनशेत भागेल. नाहीतर १५ मिमीत या.

तोफांना मात्र कात्री लावू नका. लढाईनंतर इंग्रजांनी ९८ तोफा ताब्यात घेतल्या, आणि गोलंदाज तोफेपाशी मेले पण हटले नाहीत हे शत्रूनेही लिहून ठेवलंय. दहा तोफांमागे एक मॉडेल आणि प्रत्येकाशी चार गोलंदाज असा हिशेब ठेवलात तरी दहा तोफा आणि चाळीस माणसं होतात. असईची जान तिथे आहे.

शिसं_आणि_कथील

रंगाच्या आधीचं बोलतो, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं.

धातूची फिगर साच्यातून येते तेव्हा तिच्यावर साच्याची पावडर असते. कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब, जुना टूथब्रश, मग साधं पाणी, आणि रात्रभर वाळवण. प्लास्टिकचे भाग ज्या फ्रेमांना जोडलेले येतात त्या, भाग सुटे करायच्या आधीच अख्ख्या धुवायच्या. साच्याच्या दोन भागांमधली जी बारीक रेघ उरते (बंदुकीच्या नळीवर आणि पगडीवर हमखास), ती हॉबी चाकूच्या ११ नंबरच्या पात्याच्या पाठीने खरवडा, धारेने नको. धार खोल जाते आणि तिथे खाच पडते. ती रेघ प्रायमरनंतर दुप्पट उठून दिसते.

प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला प्लास्टिक सिमेंट. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, पण धातूवर त्याचा काडीचा उपयोग नाही. धातूला सुपरग्लू. सुपरग्लूचा सांधा ओढ सहन करतो, आडवा धक्का नाही, म्हणून भाला, निशाणाची काठी, घोड्यावरचा स्वार असे सांधे ०.८ मिमीचं भोक पाडून आत पितळी तार घालूनच जोडा. भोकं समोरासमोर येत नाहीत ही नेहमीची रड. एका बाजूच्या भोकावर ओल्या रंगाचा ठिपका द्या, दुसरा भाग टेकवा, खूण आपोआप उठते. सुपरग्लू भरपूर ओतून बंद डब्यात ठेवलात तर आजूबाजूला पांढरी भुकटी बसते. ती त्याच्याच वाफेची असते. थोडा लावा, उघड्यावर वाळू द्या.

रेझिनराव

थ्रीडी प्रिंटच्या (रेझिनच्या) फिगर मिसळणार असाल तर जोड देतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोन वेळा धुवायच्या, पूर्ण कोरड्या करायच्या, मगच ४०५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पक्क्या करायच्या. ओल्या फिगरला दिवा दाखवला की पांढरट डाग राहतात. हाताला चिकट लागली तर रेझिन कच्चं आहे, त्यावर प्रायमर धरणार नाही. घोडा आतून पोकळ असेल तर पोटाखाली दोन भोकं हवीतच. एका भोकातून आतलं रेझिन निथळत नाही आणि महिन्याभराने घोडा तडकतो. हातमोजे घाला, हे सांगायला नको.

दमट_हवा

आता ठाणे आणि जुलै. स्प्रे प्रायमरला साधारण ६०-६५ टक्क्यांच्या आतली आर्द्रता मानवते. पावसाळ्यात तुमच्याकडे ८५-९० असते. थर वाळताना द्रावक उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते, म्हणून दुधट, धुरकट थर मिळतो. त्यावर रंग चढतो, पण नखाने निघतो.

उपाय म्हणजे जुलैत स्प्रे विसरा. ब्रशने लावायचा पॉलियुरेथेन-अ‍ॅक्रिलिक प्रायमर घ्या, राखाडी. रुंद मऊ ब्रशने एक पातळ हात, खाचांत साचलेला भाग लगेच कोरड्या ब्रशने उचलायचा. वाळताना तो आकसून खाचांना घट्ट बसतो, त्यामुळे ओला असताना जाड वाटला तरी घाबरू नका. आणि मग २४ तास हात लावायचा नाही. तासाभराने कोरडा वाटतो पण पक्का नसतो. अशा वेळी मुठीत धरलं की नाकाच्या शेंड्यावरून सोलतो.

गॅरेजवाल्यांच्या दुकानातला राखाडी प्रायमर स्वस्त पडतो आणि धातूवर झकास धरतो. प्लास्टिकवर मारण्याआधी फ्रेमच्या टाकाऊ तुकड्यावर मारून बघा. त्यातलं लॅकर काही वेळा पॉलिस्टायरीन (फिगरांचं कडक प्लास्टिक) खातं आणि चेहरा मेणासारखा होतो. तो परत येत नाही.

वऱ्हाडी_ऊन

आमच्याकडे रोग उलटा. अकोल्यात एप्रिल-मेमध्ये ४३ डिग्रीत तीस सेंटिमीटरवरून स्प्रे मारला तर थेंब वाटेतच वाळतात आणि फिगरला सँडपेपर लावल्यासारखा खरखरीत थर बसतो. अंतर १५-२० सेंटिमीटरवर आणा, डबा सावलीत ठेवा, सकाळी सातच्या आत उरका. झोत फिगरच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. सुरुवातीचे मोठे थेंब चेहऱ्यावर पडत नाहीत.

रंगारीण

कंपूवाला, डगल्याकडे वळते. इथे बहुतेकांचं चुकतं ते दोन बाटल्यांमुळे: काळी आणि पांढरी.

तांबड्यात सावलीसाठी काळा घातला की मळका तपकिरी होतो. उजेडासाठी पांढरा घातला की गुलाबी होतो. दोन्ही बाटल्या टेबलावरून उचलून ठेवा. वालेजो कंपनीच्या 'मॉडेल कलर' रंगांमध्ये बोलायचं तर (आकडे बाटलीवरचे) पाया ७०.९४६ डार्क रेड, दोन पातळ हात. मग ७०.९५७ फ्लॅट रेड, घड्यांच्या खोलगट जागा सोडून बाकी सगळीकडे. शेवटी ७०.८१७ स्कार्लेट फक्त खांदा, कोपर आणि छातीच्या कडेवर. याहून उजळ हवं असेल तर स्कार्लेटमध्ये थेंबभर नारिंगी. सावली अजून खोल हवी असेल तर डार्क रेडमध्ये गडद तपकिरी. झालं.

तांबडं रंगद्रव्य मुळात पारदर्शक असतं. काळ्या प्रायमरवर चार हात मारूनही खालचं दिसतं आणि तोवर बटणं बुजतात. राखाडी प्रायमरवर आधी विटकरी किंवा तपकिरी एक हात द्या, मग दोन हातांत तांबडा भरतो.

पातळपणा: रंगाचा एक थेंब, पाण्याचा एक थेंब, इथून सुरुवात. पॅलेटच्या कडेला ब्रशने ओढलं तर दुधासारखा ओघळला पाहिजे. दह्यासारखा थांबला तर जाड, ताकासारखा पळाला तर पातळ. बोअरचं पाणी वापरू नका, वाळल्यावर क्षार पांढरे दिसतात. आरओचं चालतं.

आता कातडी. 'बेसिक स्किन'मध्ये तपकिरी मिसळू नका, राखेसारखी निघते. गडद लालसर तपकिरीपासून वर या. पाया ७०.९८४ फ्लॅट ब्राउन. त्यावर ७०.९४० सॅडल ब्राउन कपाळ, नाक, गाल, हनुवटी आणि बोटांच्या पेरांवर. तिसरा हात सॅडल ब्राउनमध्ये थोडा ७०.८७५ बेज ब्राउन, नाकाचा शेंडा आणि गालाचं हाड एवढ्यापुरता. उजेड गेरूकडे आणि नारिंगीकडे न्यायचा, पांढऱ्याकडे नाही. सावळ्या कातडीवर पांढरं मिसळलेला उजेड पीठ फासल्यासारखा दिसतो. ओठाला फ्लॅट ब्राउनमध्ये थोडं डार्क रेड. आणि चोवीसही जण एका रंगाचे नकोत. पाया दोन-तीन प्रकारचा ठेवा, पलटण जिवंत दिसते.

डोळे: २८ मिमीत डोळ्याचा पांढरा भाग रंगवला तर शिपाई भुतासारखा बघतो. गडद तपकिरी आडवी रेघ पुरते.

तीन_फूट

ताई, सगळं कबूल, पण १४४ शिपाई आहेत. टेबलावर तीन फुटांवरून बघायचे. कोपरावरचा स्कार्लेट कोण बघतंय?

काळा प्रायमर, त्यावर राखाडी ड्रायब्रश (जवळपास कोरड्या ब्रशने उंच भागांवर रंग घासणं) सगळीकडे, मग पांढरा ड्रायब्रश फक्त वरून. त्यावर कॉन्ट्रास्ट प्रकारचे पारदर्शक रंग, एकच हात. सावली-उजेड खालून आपोआप येतो. चोवीस शिपाई दोन संध्याकाळी.

ड्रायब्रशला मेकअपचा गोल मऊ ब्रश घ्या. रंग घेऊन कागदावर इतका पुसायचा की नखावर ओढल्यावर जेमतेम धूळ दिसावी. ब्रश ओला असेल तर पट्टे उठतात.

रंगारीण

गिचमिड कपडे, केस, घोडे, चामडं यांना चालेल. डगल्याला नाही. डगला म्हणजे मोठा सपाट भाग, पारदर्शक रंग तिथे ओघळून कडेला साचतो आणि मध्ये ढग दिसतात. काळ्यावरून वर आणलेल्या राखाडीवर तांबडा पारदर्शक रंग घातला की वाइनसारखा होतो, तो कंपनी सरकारचा तांबडा नव्हे. तेच करायचं तर राखाडीऐवजी तपकिरी प्रायमर आणि पांढऱ्याऐवजी फिकट गेरू ड्रायब्रश करा, तांबडा ऊबदार राहतो.

आणखी एक. अशा रंगांच्या काही सुरुवातीच्या आवृत्त्या वाळल्यावरही ओल्या ब्रशने पुन्हा विरघळत. वरून पांढरा पट्टा मारला की तो गुलाबी होई. जुनी बाटली हाती आली तर आधी टाकाऊ फिगरवर तपासा, नाहीतर मधे वार्निशचा एक हात द्या.

तीन_फूट

तपकिरी प्रायमरचं मान्य. पण छातीवरचे आडवे-उभे पांढरे पट्टे तरी सोपे करून सांगा, वेळ तिथेच जातो.

रंगारीण

पट्ट्यांना आधी खाकी ७०.९८८, दोन्ही कडांना डगल्यापेक्षा गडद बारीक रेघ दिसेल इतपत आत. मग आयव्हरी ७०.९१८, खाकीची कड किंचित ठेवून. निव्वळ पांढरा फक्त खांद्यावरच्या वळणावर, एक ठिपका. लांब रेघ ब्रशच्या टोकाने ओढू नका, बाजूने टेकवत न्या. पट्टा उठावाचा असतो, ब्रशची बाजू त्याच्याच अंगावर बसते. ब्रश १ नंबरचा, टोक चांगलं असलेला. तीन शून्याचा (अगदी बारीक) ब्रश म्हणजे भाबडेपणा. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, टोकावर येईपर्यंत वाळतो.

तुमच्या तीन फुटांवरून खरं दिसतं ते इतकंच: डगल्याचा तांबडा, पट्ट्यांचा पांढरा आणि त्यांच्यामधली काळोखी रेघ. ती तीन नीट करा. बटणं सोडलीत तरी चालेल.

गोलंदाज_९८

पोशाखाची भर. ७४ व्या पलटणीची कॉलर आणि बाहीची दुमड पांढरी, ७८ वीची बफ (फिकट पिवळसर). मद्रासच्या शिपायाला तांबडा डगला, पण खाली विजार नाही. आखूड पांढरी चड्डी, जिला इंग्रजी कागदांतही 'जांघिया' याच शब्दाने लिहिलंय, आणि तिच्या काठाला निळी दातेरी किनार. २८ मिमीत ती किनार म्हणजे निळी सलग रेघ मारून त्यात पांढऱ्याने त्रिकोण कोरणं. निळे त्रिकोण काढत बसलात तर रात्र पुरणार नाही.

पाय उघडे असल्यामुळे ताईंची कातडीची पद्धत फक्त चेहऱ्यापुरती नाही, गुडघ्या-पोटऱ्यांनाही लागेल. नेपोलियनच्या काळाचे युरोपी शिपाई घेऊन डोकी बदलण्याची युक्ती इथे म्हणूनच फसते.

कंपूवाला

बरं झालं सांगितलंत. प्लास्टिकचा एक डबा नेमका तसाच, विजारीवाला आहे. तो गोऱ्या तोफखान्याकडे वळवतो. घोडे?

तीन_फूट

घोड्यांना तैलरंग, याच्याइतकं जलद काही नाही. अ‍ॅक्रिलिकचा फिकट बदामी पाया, पूर्ण वाळवून. त्यावर कॅम्लिनच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनने जरा पातळ करून सगळीकडे फासायचा. वीस-पंचवीस मिनिटांनी फोमच्या तुकड्याने स्नायूंवरून पुसायचा. उंच भाग उजळ होतात, खाचा गडद राहतात. मान, खांदा, पुठ्ठे असे मोठे भाग आधी पुसा. पावसाळ्यात हा थर चार-पाच दिवस ओला राहतो, त्यामुळे बारा घोडे एकदम लावा आणि झाकून ठेवा. आयाळ, खूर, खोगीर नंतर.

काळी_माती

बेस, म्हणजे फिगरखालची चकती. बाजारातल्या चित्रांत 'हिंदुस्तान' म्हटलं की पिवळी वाळू आणि दोन सुकी झुडपं. असई आज जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात. तारीख सप्टेंबर अखेरची, म्हणजे पावसाचं शेपूट. जमीन काळी, गवत हिरवं, नद्यांना पाणी. वेलस्लीला उतार शोधून केळणा ओलांडावी लागली ती उगाच नाही. वाळवंट मांडलंत तर लढाईचा नकाशाच खोटा पडतो.

खरी माती वापरा, पण कच्ची नको. ओव्हनमध्ये १२० डिग्रीला अर्धा तास भाजा, बुरशी आणि किडे जातात. चहाच्या गाळणीतून चाळा, वर उरलेले खडे दगड म्हणून ठेवा. फेविकॉल आणि पाणी निम्मे निम्मे, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. बेसवर लावा, मातीत बुडवा, रात्रभर सोडा, मग तेच पातळ मिश्रण वरून थेंबाथेंबाने. नुसती चिकटवलेली माती ड्रायब्रश करताना उधळते.

काळी माती फेविकॉल प्यायली की डांबरासारखी काळी होते. टेबलावर ती भोक पडल्यासारखी दिसते. गडद तपकिरी, मग राखाडी-तपकिरी, मग अगदी थोडा फिकट खाकी असा ड्रायब्रश द्या. लहान वस्तूवर रंग खऱ्यापेक्षा दोन पायऱ्या उजळच हवा. २ मिमी एमडीएफचे बेस एका बाजूने ओले केले की वाकतात, म्हणून खालच्या बाजूलाही रंगाचा एक हात द्या. गवताचे झुपके फिगरच्या पायामागे लावा, समोर नको, नाहीतर केलेलं काम झाकलं जातं.

दमट_हवा

वार्निश. स्प्रे मॅटला वरचाच नियम, दमट हवेत मारलात तर फौजेवर धुकं. मॅट वार्निशमध्ये चमक मारणारी बारीक भुकटी असते, ती तळाशी बसते. डबा दोन मिनिटं हलवला नाही तर सुरुवातीला चकाकी आणि शेवटी खडूसारखा पांढरेपणा. ब्रशने लावायचं असेल तर आधी ग्लॉसचा पातळ हात, २४ तास, मग मॅट. ग्लॉस कठीण असतो, झीज तो सोसतो. संगिनी आणि खांदे हाताळणीत आधी झिजतात, तिथे ग्लॉसचा दुसरा हात.

धुकं पडलंच तर घाबरून रंग काढू नका. ग्लॉस वार्निशचा पातळ हात द्या, बहुतेक वेळा ते पारदर्शक होतं. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट.

मावळा_मातीचा

जरा विषयाबाहेर. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे याच रंगांनी रंगवता येतील का?

रंगारीण

येतील, पण कच्ची माती आणि प्लास्टर पाणी शोषतात, रंग डागडाग बसतो. एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, दोन हात देऊन वाळवा, मग हेच रंग. मोठ्या आकाराला या इवल्याशा बाटल्या परवडत नाहीत, पोस्टर कलर आणि वरून वार्निश पुरेल.

जुना_शिलेदार

जमवण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. जुन्या बाजारात किंवा कोणाच्या माळ्यावर ब्रिटन्स या इंग्रज खेळणी कंपनीचे पोकळ शिशाचे ५४ मिमी सैनिक सापडतात. कंपनीने ही पोकळ ओतीव पद्धत १८९३ साली आणली आणि शिशाचं उत्पादन १९६६ पर्यंत चाललं. असे सापडले तर एकच नियम, पुन्हा रंगवू नका. मूळ रंग कितीही उडालेला असो, किंमत त्यालाच आहे.

अंगावर पांढरी-करडी भुकटी दिसली तर ती धूळ नाही, शिसं गंजतंय. कारण बहुतेक वेळा कपाट असतं. नवं लाकूड, प्लायवुड, एमडीएफ, पुठ्ठा यांतून आम्लाची वाफ निघते, आणि बंद काचेच्या कपाटात ती कोंडून शिशाला खाते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंटही तेच करतं. धातूचं किंवा काचेचं कपाट, हवा खेळती, सिलिका जेलच्या पुड्या. भुकटी तोंडाने फुंकू नका, विषारी आहे. हातमोजे, ओलं फडकं, आणि ते सैनिक मुलांच्या हाती नाहीत.

डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवायची आपल्याकडे सवय आहे. प्लास्टिकच्या फिगरांजवळ नको, त्यांची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते.

गोलंदाज_९८

ने-आणीसाठी बेसखाली ५×१ मिमीचं निओडिमियम चुंबक आणि तळाला पत्रा असलेला डबा. पायदळाला एक पुरतं, धातूच्या स्वाराला दोन. फोमच्या डब्यात ठेवायचं तर वार्निश आठवडाभर पिकू द्या, नाहीतर फोमचे दाणे पगडीला चिकटतात.

कंपूवाला

एवढ्यावर कामाला लागतो. शेवटचं: जुन्या, जाड रंग मारलेल्या वीस प्लास्टिक फिगर स्वस्तात मिळाल्यात. रंग कसा काढू?

शिसं_आणि_कथील

अ‍ॅसिटोन अजिबात नको, प्लास्टिकचा गोळा होईल. धातूला चालतं. प्लास्टिकसाठी डेटॉल, पाणी न घालता, बरणीत २४ तास. बाहेर काढून टूथब्रशने घासायच्या त्या डेटॉलमध्येच. रंग सुटायच्या आत पाणी लागलं की त्याचा चिकट लगदा होतो आणि तो खाचांतून निघता निघत नाही. पूर्ण घासून झाल्यावर भांड्यांचा साबण, मग पाणी. जुना सुपरग्लूही यात सुटतो, त्यामुळे हात-डोकी बरणीच्या तळाशी शोधावी लागतील. खिडकी उघडी ठेवा आणि डेटॉल मोरीत ओतायच्या आधी गाळून घ्या.